पाणी घालवायचा धंदा

स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला आधी चाक बघायचं असतं. चाक फिरतं, गोळा वर येतो, त्याचा वाडगा होतो, लोक "वा!" म्हणतात. मी आठवड्यात जेमतेम बारा तास चाकावर असते, हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. उरलेला वेळ माती मळणं, भांड्यांवर प्लॅस्टिक झाकणं, ते काढणं, पुन्हा झाकणं, बादल्या धुणं, ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप चाळणं, भट्टी लावणं, फोन घेणं आणि फरशी पुसणं यात जातो. पौड रस्त्यावर भूगावच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळं करायला लागून तेवीस वर्षं झाली. आता कुणी काय करता विचारलं तर मी म्हणते, मातीतलं पाणी घालवते. लोकांना चेष्टा वाटते.

१. वाळकी माती लवकर भिजते, ओलसर माती हट्टी असते.

चाकावर बिघडलेली भांडी, कडेचे तुकडे, सोललेली माती असं सगळं पुन्हा वापरात येतं. सुरुवातीला मी हे ओलसर तुकडे तसेच बादलीतल्या पाण्यात टाकायचे. आठवड्यानं हात घातला तर वर चिखल आणि तळाशी गोळे, जसेच्या तसे. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे. ते फोडताना मनगटं दुखायची. मग कुणीतरी सांगितलं, आधी खडखडीत वाळव.

करून बघण्यासारखी गोष्ट आहे. पूर्ण वाळलेला कच्चा वाडगा पाण्यात अलगद सोडा. क्षणभर काही होत नाही. मग बारीक बुडबुड्यांची रांग सुटते, "सूं" असा आवाज येतो, कड पापुद्र्यासारखी सुटते, आणि पाच-दहा मिनिटांत वाडग्याच्या जागी मऊ ढीग असतो. कोरड्या मातीतल्या बारीक पोकळ्या पाणी ओढून घेतात, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि माती फुटत जाते. ओलसर तुकड्यात त्या जागा आधीच भरलेल्या असतात, त्याला तहानच नसते.

शाडूचा गणपती विसर्जनाच्या बादलीत विरघळतो तोही असाच. भाद्रपदाच्या आधी दोन शनिवार मी मुलांकडून मूर्ती करून घेते. दरवर्षी एखादा तरी विचारतो, "ताई, भट्टीत का नाही टाकायची?" भाजली तर ती कधीच विरघळणार नाही, म्हणून. मातीच्या कणांच्या घडणीतच बांधलेलं एक पाणी असतं, ते उन्हात जात नाही. साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात ते निघून जातं. शुद्ध चायना क्लेमध्ये ते वजनाच्या जवळजवळ १४ टक्के भरतं. ते गेलं की परतीची वाट बंद. मुलांना हे एका वाक्यात पटतं, पालकांना दोनदा सांगावं लागतं.

२. चाकावर दिवसाला एक वाटी पाणी पुरतं.

ज्यांच्याकडे मी शिकले त्यांनी पहिल्या महिन्यात मला आमटीच्या वाटीत पाणी दिलं होतं, दिवसभरासाठी. मला वाटलं, बाई कंजूष आहे. नवशिका हात घसरू नये म्हणून पाणी ओतत राहतो, माती ते पीत राहते, आणि दहा मिनिटांत वाडग्याची भिंत मान टाकते. आम्ही म्हणतो, माती थकली.

खरा दगा बुडाशी होतो. वाडग्याच्या तळात साचलेलं चमचाभर पाणी टिपायचं राहिलं आणि लाकडी पट्टीनं बूड दाबून घेतलं नाही, तर तिथे वळणदार चीर पडते, इंग्रजी एस अक्षरासारखी. ती त्या दिवशी दिसत नाही. कधी कधी पहिल्या भाजणीनंतरही दिसत नाही. ग्लेझ होऊन, चकचकीत होऊन, गिऱ्हाइकानं हातात घेऊन उलटं केलं की दिसते. मी काडीला स्पंजचा तुकडा बांधून ठेवलाय. शेडमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार तेच.

३. वाळवण घालणाऱ्या बायकांना हे काम लवकर येतं.

एप्रिलमध्ये दुपारचा वारा सुटला की वाडग्याची कड तासाभरात पांढरी पडते आणि बूड ओलंच राहतं. वाळताना माती आक्रसते. कड आधी आक्रसली, बूड मागे राहिलं, की तडा गेलाच. म्हणून उन्हाळ्यात कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि बुडाला मोकळी हवा. जुलैत नेमकं उलटं, मुळशीकडून येणारा पाऊस पत्र्यावर बडवत असतो आणि कप नऊ-नऊ दिवस फळीवर बसून राहतात.

पावसाळ्यात वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, रंग फसवतो. भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे आणि ते अजून उडतंय. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा मला कप गालाला लावताना बघितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?" आता त्या स्वतः लावतात आणि माझ्यापेक्षा अचूक सांगतात. त्यांनी जन्मभर कुरडया-सांडगे वाळवलेत. वरून वाळलेलं आणि आतून वाळलेलं यातला फरक त्यांना मी काय शिकवणार?

एकदा ऑर्डरची घाई होती आणि मी गालाचं ऐकलं नाही. भट्टीत शंभर अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि "फट्" असा आवाज आला. एक फुटलं की शेजारच्या चौघांत त्याचे तुकडे घुसतात. तेव्हापासून पावसाळ्यात पहिल्या भाजणीला आदल्या रात्री अगदी बारीक आच ठेवून झोपते. भट्टी नव्वदच्या आसपास, दार किंचित उघडं.

४. कपाचा कान लावायला एकच वेळ असते.

नारळाच्या वड्या थापल्यावर सुरी मारायची जी वेळ असते, तीच ही. आधी मारली तर वडी सुरीला चिकटते, उशीर झाला तर तुकडे पडतात. बोटानं दाबलं तर ठसा उमटू नये, पण नखानं ओरखडा सहज पडावा. अशा वेळी कपाला आणि कानाला ओरखडे पाडायचे, मातीची दाट लापशी लावायची आणि दाबायचं. कान ओढायचा तोही पाण्याच्या हातानं. गाजराएवढा गोळा डाव्या हातात लोंबता धरायचा आणि उजव्या हातानं गायीची धार काढल्यासारखं खाली निपटत जायचं. शंभरेक कान बिघडल्यावर एक बरा होतो.

पुढचं लोक विसरतात. कान पातळ म्हणून लवकर वाळतो, कप जाड म्हणून उशिरा. दोघांना रात्रभर एका प्लॅस्टिकखाली ठेवायचं, म्हणजे ओल वाटून घेतली जाते. नात्यातल्या एका लग्नाला मी चाळीस मग उघडे टाकून गेले होते. परत आले तेव्हा एकतीस मगांचा कान वरच्या सांध्यात तडकला होता. लग्नात जेवण मात्र छान होतं.

५. कोरडा झाडू शेडबाहेर.

वाळक्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर फुप्फुसं खराब होतात आणि ती पुन्हा नीट होत नाहीत. फरशी ओल्या फडक्यानंच पुसायची. ग्लेझची पूड कालवताना मास्क लावायचा. याच्यावर माझ्याशी वाद घालू नका.

६. आकडा बघायचा, पण भांड्यांजवळ बसलेल्या शंकूचं ऐकायचं.

ही गोष्ट मला महागात पडली. पुण्यातल्या एका कॅफेनं साठ कप मागितले. माझ्या आयुष्यातली ती पहिली मोठी ऑर्डर. तीन आठवडे राबले, निळसर-राखी ग्लेझ सुंदर उतरला, पैसेही वेळेवर मिळाले. महिन्याभरानं फोन आला, "मॅडम, तुमचे कप घाम गाळतात."

मी गेले. लाकडी टेबलांवर ओलसर गोल वळी उमटलेली. कप उचलला की खाली कडं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच कपांचं. मी साठच्या साठ कप टेम्पोत घालून परत आणले आणि वाळवून वजन करायला बसले. एक कप ३१२ ग्रॅम भरला. दोन तास पाण्यात उकळला, रात्रभर त्याच पाण्यात ठेवला, सकाळी पुसून काट्यावर ठेवला तर ३३१. म्हणजे सहा टक्क्यांवर पाणी पिऊन बसला होता. स्टोनवेअरनं, म्हणजे अशा कडक भाजलेल्या भांड्यानं, दीड-दोनच्या वर जाऊ नये. आंघोळीचं पाणी तापवायच्या मोठ्या पातेल्यात मी चार दिवस कप उकळत होते. घरच्यांनी पोहे खाता खाता बघितलं आणि काही न विचारता ऑफिसला गेले. बावीस कप नापास झाले.

बावीसच्या बावीस भट्टीच्या खालच्या दोन फळ्यांवरचे होते. माझ्या पायरोमीटरची, म्हणजे भट्टीच्या तापमापीची, दांडी वरच्या भागात होती. तिथे १२८० दिसलं आणि मी गॅस बंद केला. खाली तीस-चाळीस अंश कमी असणार. माती पूर्ण पिकलीच नव्हती, कणांमधल्या फटी वितळून बुजल्या नव्हत्या. ग्लेझ आतून चांगला दिसत होता, पण बुडाच्या गोल कडेला तो लावत नाहीत, नाहीतर कप फळीलाच चिकटेल. कप ट्रेमध्ये ठेवून विसळले जायचे तेव्हा पाणी त्या उघड्या कडेतून आत शिरायचं. गरम चहा पडला की तेच बाहेर यायचं.

भट्टीत ठेवायचे छोटे शंकू मिळतात, ग्लेझसारख्याच द्रव्यांचे, ठरावीक उष्णतेला वाकणारे. तापमापी फक्त त्या क्षणाचा आकडा सांगते. शंकूला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात, मातीलाही तसंच. दूध मंद आचेवर तासभर आटवलं काय आणि मोठ्या आचेवर उकळी फोडली काय, थर्मामीटरचा आकडा सारखाच येईल, बासुंदी एकाचीच होईल. आता माझ्या प्रत्येक फळीवर तीन शंकू असतात. पहिला वाकला की सावध व्हायचं, मधला वाकून नमस्कार घातला की थांबायचं, तिसरा वाकला तर उशीर झाला. भट्टीच्या भोकातून बघताना काळा चष्मा घालायचा. पांढऱ्या उजेडात पांढरा शंकू दिसत नाही, तरी दिसेपर्यंत बघत राहायचं.

कॅफेला कप बदलून दिले. त्यांनी पुन्हा ऑर्डर दिली नाही, त्यांचं काही चुकलं नाही.

७. माठाबद्दल विचारणाऱ्याला हसू नये.

प्रदर्शनात हमखास कुणीतरी माझा जग उचलून विचारतं, "यात पाणी गार होतं का?" पूर्वी मी मनात हसायचे. कपांचं प्रकरण झाल्यावर हसणं गेलं. माठ सातशे-आठशे अंशांच्या आसपास भाजलेला असतो, त्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं, बाहेर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणजे ज्या दोषापायी माझे बावीस कप परत आले, तोच माठाचा गुण. पौडच्या बाजारात मडकी घेऊन बसणाऱ्या एका आजींना मी माझा कप दाखवला होता. त्यांनी तो उलटा केला, बोटाच्या पेरानं वाजवला. "वाजतंय झ्याक," म्हणाल्या, "पर पोरी, पानी गार व्हायचं न्हाई ह्यात." मग किंमत विचारली, आणि ऐकून शेजारणीकडे बघितलं.

८. सिलिंडर टबात उभा करावा.

माझी भट्टी गॅसवर चालते, १९ किलोचे व्यापारी सिलिंडर. पहिल्या वर्षी अकराशेच्या पुढे काटा हलेना. बघते तर सिलिंडरच्या अंगावर पांढरं दव गोठलेलं. गॅस संपला समजून बदलला. रिकामा समजून उचलायला गेले तर उचलेना. आत द्रव असतो, त्याचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो. ओढ जास्त झाली की सिलिंडर गारठतो आणि दाब पडतो. पुन्हा माठाचीच गोष्ट, फक्त भलत्या जागी. गॅस पोचवणारा मुलगा म्हणाला, "साध्या पाण्याच्या टबात उभा करा की, ताई." आता दोन सिलिंडर एकत्र जोडलेले आणि दोन्ही टबात. पाणी साधं, गरम नाही.

याच भट्टीवर मी तीन वर्षं तांब्याच्या लाल ग्लेझमागे घालवली. ग्लेझमध्ये तांबं चिमूटभरच. भट्टीत हवा कमी ठेवली की लाल उतरतो, हवा मोकळी राहिली की तोच हिरवा. माझा बहुतेक वेळा कलेजीच्या रंगाचा उतरला. शेवटी सोडून दिला. पुण्यात राहून गेलेल्या निर्मला पटवर्धन यांच्या कुंभारकामावरच्या पुस्तकातले ग्लेझचे पाठ चाचण्या करत करत वाचले, तेव्हा कळलं की मी कृती बदलत होते आणि बदलायला हवी होती भट्टी चालवायची पद्धत.

९. टिचकी मारून ऐकावं.

शाबूत भांडं वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. भट्टीतून काढलेलं प्रत्येक भांडं मी डाव्या तळहातावर तोलून पेरानं वाजवते.

लहानपणी ऐकलेली कुंभार संत गोरोबाकाकांची गोष्ट तेव्हा आठवते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं सांगितलं, यांतलं कच्चं मडकं कोणतं ते बघा, आणि गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. कुंभारकाम करायला लागल्यावर या गोष्टीतलं मला वेगळंच काही दिसायला लागलं. थापटणं हे पारखायचं हत्यार नाही. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटत थापटत कुंभार कच्च्या मडक्याचं पोट मोठं करतो, भिंत पातळ करतो. भाजलेल्या मडक्यावर कुणी थापटणं चालवत नाही. म्हणजे गोरोबांच्या लेखी ते सगळेच अजून घडणीत होते. हे मी एका कीर्तनकार बुवांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मडकी करा."

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घोड नदीकाठच्या इनामगावला सापडलेली भांडी आहेत. जोर्वे पद्धतीची, तीन हजार वर्षांपूर्वीची. लाल अंगावर काळी रेघ, पोटाला तोटी. ही भांडी धातूसारखी खणखणीत वाजतात असं अभ्यासक सांगतात. काचेच्या आत असल्यामुळे मला वाजवता येत नाहीत. मी तोटीचा सांधा बघत बसते. माझ्या चहाच्या किटलीचा सांधा जिथे सुटतो, नेमक्या त्या जागी ते भांडं करणाऱ्यानं मातीची वळी जास्तीची दाबून घेतलेली असावी असं वाटतं. पहारेकरी दोनदा येऊन बघून जातो. त्याच इनामगावात घरांच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले सापडले, आत लहान मुलं पुरलेली. ते कुंभ करणाऱ्याला कशासाठी हवेत ते माहीत असेल का, हा विचार मी तिथे फार वेळ करत नाही.

१०. किमतीवर भाषण देऊ नये.

माझा एक मग सातशे रुपयांना. "बाजारात सहाचा सेट पाचशेला मिळतो हो," असं म्हटलं की पूर्वी मी माती, गॅस, फूट, सगळा हिशेब मांडायचे. दहा केले की सात विकण्याजोगे निघतात वगैरे. कुणी कधी हिशेब ऐकून मग घेतलेला नाही. आता मी तो हातात देते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. बोटं कानात जाऊन बसली तर घेतात, नाहीतर ठेवतात. वाकडे-तिकडे मग दिवाळीनंतर निम्म्या किमतीत काढते, आणि तेव्हा मात्र सकाळी नवाच्या आत लोक येऊन बसतात.

११. भट्टीचं दार.

पी हळद नि हो गोरी, या स्वभावाला हा धंदा मानवत नाही. पहिल्या दिवाळीला मी अडीचशे अंशांवर दार उघडलं होतं. आत सगळं चमकत होतं, मी खूश. मग "टिंग" असा आवाज आला. मग दुसरा. गार हवा लागून ग्लेझ आणि माती वेगवेगळ्या वेगानं आक्रसत होती आणि एकेका ताटावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटत होत्या. रात्रभर टिंग, टिंग. ऐकायला गोड होतं. बारा ताटं गेली.

काल पहाटे गॅस बंद केला. आत अठ्ठेचाळीस मग आणि एका मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाचे वाडगे आहेत. आज सकाळी काटा १८० दाखवतोय. दारापासून वीतभर अंतरावर हात धरला, धरवला नाही. मावशींनी बादली भरून ठेवलीय. फडकं पिळून घेतलं आणि चाकाखालची फरशी पुसायला बसले.